कमी पैशात दणकट सुरी: निवड, पारख आणि निगा

घरी, शेतावर आणि भटकंतीत मार खाईल अशी एकच न मिटणारी सुरी घ्यायची आहे आणि खर्च दोनेक हजारांच्या आत बसवायचा आहे, असं धरून चालू. तेवढ्या पैशात तीनच गोष्टी नीट मिळू शकतात: पोलाद, त्याला दिलेलं पाणी (म्हणजे लाल तापवून झटकन थंड करून आणलेला कडकपणा) आणि मूठ. पाठीवरचे करवतीचे दात, मुठीच्या बुडातलं होकायंत्र, काळा मुलामा, नक्षीदार म्यान हा सगळा सरंजाम याच तीन गोष्टींच्या वाट्याचे पैसे खातो. 'कमांडो', 'सर्व्हायव्हल' अशा नावांनी विकल्या जाणाऱ्या स्वस्त सुऱ्यांची मूठ पोकळ असते आणि पातं आत एका नटबोल्टवर तोललेलं असतं. लाकूड फोडायला घेतली की दहा-पंधरा ठोक्यांत पातं हलायला लागतं.

आधी काम ठरवा

सुरीचं काम म्हणजे दोर आणि पोती कापणं, फांदीचा खुंटा तासणं, मनगटाएवढ्या लाकडाची फोड काढणं, बांबू चिरणं, मासळी किंवा कोंबडी साफ करणं, भाजी चिरणं. नारळ फोडणं, कुंपणाची झुडपं छाटणं, आंब्याची फांदी उतरवणं ही कोयत्याची कामं. गावाकडे घर असेल तर कोयता आधी घ्या, सुरी नंतर. कोयत्याचं वजन पुढच्या बाजूला असतं, त्यामुळे घावात ताकद येते. तीच ताकद सुरीत आणायची म्हणून लोक २५ सेंटिमीटर लांब आणि ६ मिलिमीटर जाड धूड विकत घेतात. त्याने धड फांदी तुटत नाही आणि कांदाही चिरता येत नाही.

डब्याचं झाकण उचकटणं, खिळा उपटणं, स्क्रू फिरवणं ही कुठल्याच सुरीची कामं नव्हेत. मोडलेल्या टोकांपैकी बरीचशी अशाच कामांत मोडलेली असतात. टोक ठोक्याने क्वचित मोडतं, पिळाने हमखास मोडतं.

घराच्या रक्षणासाठी सुरी?

बरेच जण सुरी घेताना मनात हा विचार ठेवतात, म्हणून तो इथेच निकालात काढू. चोर घरात शिरला तर सुरी हे फार वाईट साधन आहे. ती वापरायला समोरच्याच्या हाताच्या टप्प्यात जावं लागतं, अंधारात आपल्याच माणसाला लागू शकते, आणि हातातून हिसकावली गेली की तीच आपल्यावर उलटते. सहा फुटी भरीव बांबूची काठी समोरच्याला निदान चार-पाच फूट लांब ठेवते आणि खर्च जवळजवळ शून्य.

त्याहून आधी दार बघा. लॅचची जीभ ज्या पट्टीत अडकते ती पट्टी बहुतेक घरांत अर्ध्या-पाऊण इंची स्क्रूवर बसवलेली असते, आणि एका जोरदार लाथेत चौकटीसकट सुटते. तिथे ७५ मिलिमीटरचे स्क्रू थेट चौकटीच्या पोटात घाला. आतून वर आणि खाली अशा दोन कड्या, दारात साखळी आणि बाहेर हालचालीने लागणारा दिवा बसवा. फोन उशाशी ठेवा आणि ११२ लावा. तुमच्या गावात ग्रामसुरक्षा यंत्रणा (एका फोनवर गावभर सूचना पोचवणारी सोय) चालू असेल तर तिचा क्रमांक घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये असू द्या.

कायद्याची बाजूही नीट कळलेली बरी. भारतीय न्याय संहितेतली कलमं ३४ ते ४४ खासगी बचावाचा हक्क देतात, पण पोलिसांची मदत घ्यायला अवसर असेल तर तो हक्क उरत नाही, आणि गरजेपेक्षा जास्त इजा केली तरी तो टिकत नाही. पळणाऱ्याच्या पाठीत केलेला वार बचावात बसवणं जवळपास अशक्य असतं. सुरीच्या मापाबद्दल शस्त्र नियम, २०१६ मधल्या पहिल्या अनुसूचीत पाचवा वर्ग आहे. ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची धारदार हत्यारं त्यात मोडतात. घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली अवजारं त्यातून वगळलेली आहेत. म्हणून कोयता शेतात चालतो, पण तोच मोटारसायकलच्या डिकीत रात्री सापडला तर 'शेतीसाठी' हे उत्तर पटवून द्यावं लागतं.

महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली सणासुदीला आणि निवडणुकीच्या काळात सार्वजनिक जागी सुऱ्या बाळगायला बंदी घालणारे आदेश निघतात. त्या काळात चार इंची सुरी कंबरेला लावून एसटीत बसणंही गोत्यात आणू शकतं. ट्रेकला नेताना ती म्यानात घालून, कापडात गुंडाळून पिशवीच्या तळाशी ठेवा. पुण्यात कोयत्यांच्या हल्ल्यांची प्रकरणं वाढल्यावर पोलिसांनी विक्रेत्यांना गिऱ्हाइकाची नोंद ठेवायला सांगितलं होतं, तेव्हा दुकानदाराने ओळखपत्र मागितलं तर वाद घालू नका. दुधारी खंजिराच्या वाटेला तर जाऊच नका. त्याच्या पाठीवर अंगठा ठेवता येत नाही, ठोकता येत नाही, आणि बघणाऱ्याला ते अवजार वाटत नाही.

पात्याची मापं

लांबी १० ते १३ सेंटिमीटर. यापेक्षा लहान पात्याने जाड लाकूड फुटत नाही, मोठं झालं की टोकावरचा ताबा सुटतो.

जाडी ३ ते ४ मिलिमीटर. पात्याचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे ३ ऐवजी ४ मिलिमीटर घेतलं तरी तो सुमारे २.४ पट होतो. ५-६ मिलिमीटरची हौस करू नका, तो फक्त वजनाचा भार.

दुकानात सहसा कोणी बघत नाही ती जाडी धारेच्या लगेच मागची. तिथे पातं अर्धा ते पाऊण मिलिमीटर असावं. मोजायला साधन नसेल तर गाजर आडवं कापून बघा. चकती सरळ निघाली तर ठीक. गाजर कापण्याऐवजी तडकून दुभंगलं तर धारेमागे जाडी जास्त आहे, आणि ती कितीही पाजवली तरी चिरणार नाही.

आकार साधा ठेवा. पाठ सरळ किंवा टोकाकडे किंचित उतरती, पोटाला थोडा बाक, टोकाला भरपूर लोखंड. दोन्ही बाजूंनी पाठीपासून धारेपर्यंत सपाट उतरत गेलेलं पातं सगळ्या कामांना चालतं. वस्तऱ्यासारखं आत खोलगट घासलेलं पातं कष्टाच्या कामाला नको, गाठीच्या लाकडावर त्याची धार चिरफळते. दातेरी धार दोर छान कापते पण घरच्या दगडावर लावता येत नाही, म्हणून तीही नको.

पोलाद

पाकिटावर नुसतं 'स्टेनलेस स्टील' किंवा 'सर्जिकल स्टील' लिहिलं असेल आणि ग्रेड नसेल, तर आत बहुधा कमी कार्बनचं, ४२० ग्रेडचं पोलाद आहे असं समजा. ते गंजत नाही, पण धार दोन दिवसांत वळते. परवडणाऱ्या दरात भरवशाची नावं म्हणजे १२सी२७, १४सी२८एन, ८सीआर१३एमओव्ही आणि कार्बन पोलादात १०९५. डी२ धार फार काळ धरतं, पण साध्या दगडावर दमवतं आणि ठोक्याला कपचा उडू शकतो.

स्वीडनच्या मोरा गावची मोराक्निव्ह कंपनी या किमतीतला मापदंड आहे. तिच्या 'कम्पॅनियन'चं पातं १०४ मिलिमीटर लांब, २.५ मिलिमीटर जाड. 'हेवी ड्यूटी' प्रकारात जाडी ३.२ होते, आणि कष्टाच्या कामाला तोच घ्यावा. पात्याची शेपटी (मुठीच्या आत जाणारा भाग) मुठीत पूर्ण जात नाही म्हणून काही जण नाक मुरडतात, पण ती घट्ट बसवलेली असते. अखंड पट्टी मुठीच्या टोकापर्यंत हवी असेल तर त्यांचीच 'गार्बर्ग' आहे, पण ती या बजेटच्या बरीच बाहेर जाते. आयात मालाचे भाव सारखे बदलतात आणि नकलाही फिरतात, म्हणून परतीची सोय असलेल्या विक्रेत्याकडूनच घ्या.

किनारपट्टीवर राहत असाल तर स्टेनलेस घ्या. मालवण किंवा पणजीच्या पावसाळ्यात कार्बन पोलाद एका रात्रीत तांबडं पडतं. देशावर, कोरड्या हवेत, कार्बन पोलाद सोयीचं: पटकन पाजवलं जातं आणि लोहाराला त्याची सवय असते.

लोहाराकडून करून घ्यायची असेल तर

याच पैशात सर्वांत चांगली वस्तू बऱ्याचदा इथेच मिळते. आठवड्याच्या बाजाराला किंवा गावाबाहेर पाल ठोकून बसलेले घिसाडी हे काम पिढ्यान् पिढ्या करत आले आहेत. घरातली बाई घण मारते आणि पुरुष सांडशीत लोखंड धरून फिरवतो, हे दृश्य राज्यभर दिसतं. त्यांचा हात विळा-कोयत्यावर बसलेला असतो, सुरीची मापं मात्र तुम्हालाच द्यावी लागतात.

पहिली गोष्ट लोखंड. जीप किंवा टेम्पोचा जुना कमानपाटा (चाकावरच्या स्प्रिंगची पट्टी) मागा. त्यात साधारण अर्धा ते पाऊण टक्का कार्बन असतो, त्यामुळे तो पाणी धरतो आणि ठोक्यालाही तुटत नाही. पाटा मोडलेला असेल तर मोडलेल्या जागेपासून चार बोटं सोडून पुढचा तुकडा घ्या, कारण मोडीजवळ न दिसणाऱ्या चिरा असतात. बांधकामाची सळई आणि हार्डवेअरच्या दुकानातली लोखंडी पट्टी दोन्ही बाद. त्यांत कार्बन इतका कमी असतो की कितीही पाणी दिलं तरी धार टिकत नाही. जुनी कानस खूप कडक असते, तिची सुरी उत्तम कापते पण पाणी नीट उतरवलं नाही (म्हणजे पुन्हा मंद तापवून जादा कडकपणा कमी केला नाही) तर काचेसारखी तुटते.

दुसरी गोष्ट नमुना. जाड पुठ्ठ्यावर खऱ्या मापात सुरी काढून, कापून न्या. पातं १२ सेंटिमीटर, मुठीचा भाग ११.५ सेंटिमीटर, रुंदी ३ सेंटिमीटर. शेपटी म्हणून टोकदार काडी नको, मुठीच्या आकाराची अखंड पट्टी हवी आणि तिला ६ मिलिमीटरची तीन भोकं पाणी देण्याआधीच पाडायची, हे स्पष्ट सांगा. पाणी दिल्यावर साधा ड्रिल चालत नाही.

तिसरी गोष्ट, आणि सगळं इथेच ठरतं: पाणी. लोखंड इतकं लाल हवं की चुंबक चिकटणं बंद होईल (ते साधारण ७७० अंशांना होतं) आणि त्यानंतर आणखी थोडं तापायला हवं. मग धारेची बाजू तेलात. कमानपाट्याचं पातळ पातं थेट पाण्यात बुडवलं तर धारेला चिरा जाण्याचा धोका असतो. 'टिंग' असा बारीक आवाज आला तर ती सुरी तिथेच संपली. उंच डब्यात दोन-तीन लिटर खाद्यतेल ५० ते ६० अंशांपर्यंत कोमट करून न्या. थंड तेल दाट असतं आणि उष्णता सावकाश ओढतं. भडका विझवायला डब्याचं झाकण हाताशी ठेवा. फक्त धार बुडवली आणि पाठ बाहेर ठेवली तर पाठ चिवट राहते, आणि ठोक मारायच्या सुरीला तेच हवं.

पाणी दिलेलं पातं तसंच ठेवलं तर पहिल्या ठोक्याला तुटेल. ते पाणी उतरवायचं काम घरच्या ओटीजीत (छोट्या विजेच्या भट्टीत) होतं, मूठ बसवण्याआधी:

१. पॉलिश पेपरने पातं चकचकीत करा, म्हणजे रंग दिसेल.
२. ट्रेमध्ये दोन बोटं वाळू घालून ओटीजी २०० अंशांवर तासभर तापवा. वाळूमुळे उष्णतेचे हेलकावे कमी होतात. ओटीजीच्या खुंटीवर विश्वास ठेवू नका, आत वेगळा थर्मामीटर ठेवा.
३. पातं वाळूवर ठेवून दोन तास तापवा, बाहेर काढून पूर्ण थंड होऊ द्या, मग पुन्हा दोन तास.
४. रंग फिकट गवती ते पिवळसर सोनेरी यायला हवा. निळा दिसला तर तापमान ३०० च्या आसपास गेलं, धार मऊ पडली, आणि पाणी पुन्हा द्यावं लागेल.

यानंतर ग्राइंडरवर घासताना दर दोन-तीन सेकंदांनी पातं पाण्यात बुडवायचं. हात मोकळे ठेवा, हातमोजे नकोत. बोटांना चटका बसायच्या आत थांबलात तर धारेचा कडकपणा जात नाही. कडेला निळा डाग पडला की तेवढी जागा गेली.

घेण्याआधीची परीक्षा

पाठ डोळ्यांसमोर धरून एका डोळ्याने टोकाकडे बघा, वाक लगेच कळतो. मग धार उजेडासमोर धरा. चांगली धार दिसत नाही, जिथे पांढरी रेघ चमकते तिथे ती बोथट किंवा वळलेली असते. पात्यावर नखाने टिचकी मारा. मूठ घट्ट असेल तर आवाज स्वच्छ येतो, खडखडला तर आत पोकळी आहे.

नवी कानस पाठीवर नव्हे, धारेजवळ हलकेच फिरवा. मऊ लोखंडावर ती लगेच खाते आणि भुसा पडतो. नीट पाणी दिलेल्या धारेवर ती कष्टाने जेमतेम चावते. काचेवरून घसरावी तशी नुसतीच घसरली तर पाणी उतरवलेलं नाही.

शेवटची परीक्षा पितळी दांडीची. ६ मिलिमीटरची दांडी पक्कडीत धरा, धार २० अंशांवर तिच्यावर टेकवून दाबा. धार किंचित वाकून परत सरळ झाली तर उत्तम. वाकलेलीच राहिली तर मऊ, कपचा उडाला तर जास्त कडक. डोळ्यांवर चष्मा असू द्या. दुकानदार हे करू देणार नाही, हे गृहीत धरून परतीच्या मुदतीत घरी करा.

मूठ आणि म्यान

मुठीचा छेद अंडाकृती हवा. गोल मूठ हातात फिरते आणि अंधारात धार कुठे आहे ते कळत नाही. पात्याकडच्या बाजूला बोट अडेल असा उंचवटा असायलाच हवा. टोक कुठे अडकलं की हात पुढे सरकून धारेवर जातो, आणि घरातल्या कामात होणाऱ्या खोल जखमांचं हे नेहमीचं कारण. माशाच्या चिकट हातांनी धरून बघा, कोरड्या हाताला सगळ्याच मुठी बऱ्या वाटतात.

लाकूड बाभूळ, शिसव किंवा बिबला, पूर्ण वाळलेलं. ओलसर लाकूड वैशाखात आक्रसतं आणि रिव्हेट सैल होतात. दोन फळ्या संथ वाळणाऱ्या इपॉक्सीने (दोन भाग मिसळून लावायच्या डिंकाने) चिकटवून ६ मिलिमीटरच्या पितळी दांडीचे तीन रिव्हेट मारा. वेगाने वाळणारी, पाच मिनिटांची इपॉक्सी ठोक्याने लवकर सुटते. चोवीस तासांनी घासा, मग जवसाच्या तेलाचे तीन-चार पातळ हात द्या. तेलाच्या चिंध्या गोळा करून ठेवू नका, त्या आपोआप पेट घेऊ शकतात. उघड्यावर पसरून वाळवा.

म्यान ७५ मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपातून घरी होतं. २० सेंटिमीटरचा तुकडा उभा चिरा, उघड्या हवेत हीट गनने मऊ करा, कागदात गुंडाळलेली सुरी आत ठेवून दोन फळ्यांमध्ये दाबा. धूर निघायला लागला तर उष्णता जास्त झाली, तो श्वासात घेऊ नका. तळाला पाणी जायला भोक ठेवा. कातडी म्यान दिसायला छान, पण पावसाळ्यात त्यात सुरी मुक्कामाला ठेवली की गंज आलाच.

पाजवणं आणि पावसाळा

कष्टाच्या सुरीला दर बाजूला २० अंश. कोन मोजायची गरज नाही: पात्याच्या रुंदीच्या एक तृतीयांश पाठ दगडावरून उचलली की जवळपास २० अंश होतात. ३ सेंटिमीटर रुंद पात्याला १ सेंटिमीटर. तेवढ्या जाडीची लाकडी चीप सुरुवातीला पाठीखाली धरून सवय करा. कोयत्याला २५ ते ३० अंश.

हार्डवेअरमधला दोन बाजूंचा दगड पुरतो. खरबरीत बाजूवर एकाच कडेने घासत राहा, दुसऱ्या कडेला बोटाला कच (दुमडून आलेली बारीक खरखरीत कड) लागेपर्यंत. तोवर बाजू बदलू नका. धार येत नाही अशी तक्रार करणारे बहुतेक इथेच घाई करतात. दोन्ही बाजू झाल्या की बारीक बाजू, मग काचेवर चिकटवलेला १००० नंबरचा पॉलिश पेपर, आणि शेवटी जुन्या कातडी पट्ट्यावर धार मागे ओढत दहा-बारा वेळा. प्रवासात दगड नसेल तर चिनी मातीच्या कपाच्या बुडाची खरखरीत कड चालते.

कैरी, कोकम किंवा लिंबू कापल्यावर कार्बन पोलाद काळं पडतं. तो काळेपणा घासून काढू नका, तांबड्या गंजापासून तोच थोडं संरक्षण देतो. वापरून झाल्यावर मात्र लगेच धुवा, पुसा आणि कोरडी करा. अन्नाला लागणाऱ्या सुरीला औषधाच्या दुकानातलं लिक्विड पॅराफिन लावा, बाकीच्यांना शिलाई मशीनचं तेल. खोबरेल चार दिवस चालतं, महिनाभर ठेवलं की चिकट होतं. जून ते सप्टेंबर सुरी म्यानाबाहेर, तेल लावून, मुलांच्या हाताला न लागेल अशा उंच फडताळात ठेवा.

लाकूड फोडताना पाठीवर लाकडी दांडकंच मारा, हातोडी किंवा दगड नको. गाठ दिसली की बाजूने घ्या. फोडायचं लाकूड पात्याच्या लांबीपेक्षा तीन बोटं कमी रुंद हवं, म्हणजे टोक बाहेर राहतं आणि ठोकायला जागा मिळते. सुरी मध्येच अडकली तर मूठ धरून पिळू नका, लाकूड उलटं करून मागून पाचर मारा. दोन-तीन वर्षांनी धारेमागची जाडी वाढली की पाजवूनही सुरी अडखळते. तेव्हा ओल्या दगडावर पात्याचे दोन्ही गाल, म्हणजे धारेमागच्या सपाट बाजू, पातळ करून घ्या. कोयत्याचं तसं झालं तर तो लोहाराकडून शेवटून (तापवून, ठोकून धार पातळ करून) आणा, आणि तेव्हाही पाणी उतरवून देशील ना, हे आधी विचारा.